कोटातले नाना

नाना गेले त्याला वर्ष होत आलं, आणि धोंडाबाईला त्यांचा चेहरा आठवेनासा झाला.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? पंचेचाळीस वर्षं ज्याच्या ताटात भाकरी वाढली, त्याचं तोंड विसरले, असं? हात आठवत होते, नखांत माती भरलेले. चाल आठवत होती, डावी चप्पल घासत येणारी. आवाज तर असा ताजा होता, की मळ्यात कुणीही कुणाला हाक मारली तरी तिची मान वर व्हायची. पण मान वर केली, डोळे मिटले, की समोर यायचा कोटवाला.

कोटवाला बैठकीच्या भिंतीवर होता. नानांचा समोरून काढलेला एकच फोटो घरात निघाला होता, आधार कार्डावरचा. एरवी मोबाईल समोर धरला की नाना तोंड फिरवून हसत सुटायचे. नात वेदिका, तिच्या मोबाईलात त्यांची पाठ होती, टोपीचं टोक होतं, पळता पळता हललेला हात होता. तोंड एकातही नव्हतं. दहाव्याच्या घाईत मुलानं, सोमनाथनं, आधार कार्डावरचाच फोटो पंचवटीतल्या फोटोवाल्याकडे दिला. फोटोवाला हुशार. त्यानं डोळ्यांखालचं काळं पुसलं, सुरकुत्या पुसल्या, टकलावर केस बसवले आणि गळ्याखाली कुणा दुसऱ्याचाच कोट आणि टाय लावून दिला.

"बाबा एकदम साहेब दिसताहेत बघा," असंही म्हणाला.

नानांनी जन्मात कोट घातला नव्हता. पण आल्यागेल्यानं फोटोला हात जोडले, हार चढला, समई लागली, आणि बघता बघता तो कोटवालाच घरचा झाला. आधी तो भिंतीवर होता. मग हळूहळू धोंडाबाईच्या मनात उतरला आणि आतल्या माणसाला बाहेर काढून स्वतः बसला. भाजी खुडता खुडता तिच्या ओठांवर एक ओवी यायची. कुणी ऐकत नसलं तरच म्हणायची.

शेजी पुसते गं मला, धनी दिसे तुझा कसा
काय दाखवू मी तिला, पारा गेलेला आरसा

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा सोमनाथ एका संध्याकाळी तिच्याशेजारी येऊन टेकला.

"आई, ह्या खेपेला भांडी नाय वाटायची. सगळ्यांच्या माळ्यावर डबे पडून हायेत. आपण वह्या वाटू."

"कुणाला?"

"हरसूलच्या पुढं एक पाडा हाय. तिथल्या मॅडमचा मेसेज फिरतोय ग्रुपवर. बेचाळीस पोरं, वह्या-पेन्सिली पाहिजेत म्हणून. नाना तीस वर्षं हरसूलच्या बाजाराला बसले. त्यांच्या गिऱ्हाइकांचीच पोरं असतील ती."

धोंडाबाईच्या जिवाला बरं वाटलं. मखमलाबादहून आठवड्याला भाजीचे कॅरेट भरून हरसूलला जायचं आणि रिकामे घेऊन यायचं, हे नानांचं देवदर्शनच होतं. नाशिकच्या मार्केटला भाव बरा लागतो म्हणून लेकानं कितीदा समजावलं, तरी ऐकलं नाही. "तिथली माणसं भाजीबरोबर आपली खुशालीबी इचारतात रे," म्हणायचे.

"दे बाबा, जरूर दे," ती म्हणाली. "ह्यांना आवडंल."

"आन कव्हरवर नानांचा फोटो टाकतो. खाली नाव, प्रथम पुण्यस्मरण, सगळं."

ती थबकली. "फोटो कशाला? नुसतं नाव घाल."

"नाव कोण वाचतं, आई? फोटो बघून माणूस कळतो."

तेच तर, असं तिच्या अगदी जिभेवर आलं. पण ते बोलायचं म्हणजे सगळंच बोलावं लागलं असतं. ती उठून चुलीकडे गेली. घरात गॅस होता. तरी बोलणं टाळायचं असलं की ती मागच्या चुलीकडेच जायची.

आठ दिवसांनी वह्यांचे गठ्ठे आले. दुरेघी, चौरेघी, चौकटीच्या, शंभरपानी, सगळ्या मिळून दोनशेवर. पिवळ्या पुठ्ठ्यावर काळ्या शाईत छापलेला कोटवाला. ओसरीवर गठ्ठे सोडले तेव्हा जिकडे बघावं तिकडे तोच. सरळ बसलेला, न हसणारा, कुणाची वाट न बघणारा. पूजानं, सुनेनं, पेन्सिली आणि खोडरबर मोजून पिशव्यांत भरले. वेदिका वह्यांच्या जोड्या लावत बसली. लावता लावता एक वही तिनं वर धरली.

"आजी, नाना असेच होते ना?"

धोंडाबाई पेन्सिलींच्या पिशवीला गाठ मारायला लागली.

"मला तर आता असेच आठवतात," वेदिका म्हणाली आणि पुढची जोडी लावायला लागली.

ते ऐकून म्हातारी मनात म्हणाली, आपण विसरलो ते विसरलो, वय झालं म्हणू. पण ह्या दहा वर्षांच्या लेकराच्या डोक्यातूनही नाना निघून चालले. उद्या त्यांचा खरा चेहरा माहीत असणारं एकही माणूस ह्या घरात उरायचं नाही, आणि तरी भिंतीवर हार रोज ताजा असेल.

रामकुंडावरचे विधी झाले, जेवणं उठली. दुसऱ्या दिवशी सोमनाथ पिकअपमधून वह्या पाड्यावर देऊन आला. पोरं ओळीनं उभी राहिली, मॅडमनी आभार मानले, एका पोरीनं रानफुलांचा गुच्छ दिला. सगळं रीतसर झालं.

मग महिनाभरानं मॅडमचा एक फोटो ग्रुपवर पडला. खाली लिहिलं होतं, 'आमची मुलं आणि त्यांच्या वह्या.' सोमनाथ शेडमध्ये टोमॅटोच्या काठ्या मोजत होता. त्यानं फोटो मोठा करून बघितला आणि तसाच ओट्यावर आला. कानापर्यंत लाल.

"बघ. बघ काय केलंय कार्ट्यांनी! माझ्या बापाला मिशा काढल्यात. एकानं चष्मा काढलाय. ह्यानं तर डोक्यावर मोराचा पिसारा लावलाय! मी काय टिंगल करायला दिला व्हता फोटो?"

"पोरं हायेत रे."

"पोरं हायेत तर मास्तरीण काय करती? वर फोटो टाकायची हिंमत! आत्ता जातो. खाकी कव्हर घालून घ्या म्हणतो सगळ्या वह्यांना, नायतर परत द्या म्हणतो."

वेदिकानं बापाच्या हातातला मोबाईल काढून घेतला होता. ती दोन बोटांनी फोटो ताणत एकेक वही बघत होती आणि ओठ दाबून हसत होती. धोंडाबाई तिच्या खांद्यावरून वाकली. मिशीवाला. चष्मेवाला. पिसारेवाला. शेवटच्या ओळीत, अगदी कडेला, एका मुलीच्या हातात अर्धी झाकलेली वही.

"थांब," ती म्हणाली. "तो. त्यो कडंचा."

"कुठला गं?"

"टोपी मागं सारलेला."

वेदिकानं फोटो ताणला. ताणता ताणता त्याचे नुसते काळे-पिवळे चौकोन झाले. पण त्याआधी एक पळभर धोंडाबाईला काहीतरी दिसलं होतं. काय, ते तिला सांगता आलं नसतं. उन्हात उभं असताना पाठीमागून ओळखीचं माणूस यावं आणि त्याची सावली आधी पायाशी पडावी, तसं.

सोमनाथनं पिकअपची किल्ली घेतली तेव्हा ती चप्पल घालून आधीच गाडीत बसली होती.

"तू कुठं निघालीस?"

"मीबी येते."

"आई, मी भांडायला चाललोय."

"तू भांड. मी बघते."

गिरणारे गाव मागं पडलं, वाघेऱ्याचा घाट लागला. दोन्ही बाजूंना नागलीची शेतं हिरवीगार उभी होती. सोमनाथ सगळा रस्ता मॅडमना काय बोलायचं ते पुटपुटत होता. एकेका वळणाला त्याची दोन वाक्यं तयार व्हायची आणि पुढच्या वळणाला तो ती खोडून जास्त कडक करायचा. धोंडाबाई काही ऐकत नव्हती. हरसूलच्या बाजाराची जागा आली. बाजाराचा दिवस नव्हता, मोकळ्या मातीत शेळ्या बसल्या होत्या. नाना त्या चिंचेखाली बसायचे, म्हणत सोमनाथनं हात दाखवला आणि क्षणभर त्याचं पुटपुटणं थांबलं.

शाळा दोन खोल्यांची. पत्र्याच्या पडवीत पोरं बसलेली. मंजुषा मॅडम तिशीच्या आतल्या, साडीवर पायात बूट घातलेल्या. गाडी बघताच त्या समोर आल्या आणि सोमनाथचं तोंड बघून जागीच थांबल्या.

"मॅडम, वह्या लिहायला दिल्या व्हत्या. माझा बाप चितारायला नाय."

"बसा ना, दादा. पाणी घ्या."

"पाणी राहू द्या. तुमच्या वडलांच्या फोटोला कुणी मिशा काढल्या तर चालंल तुम्हाला?"

पडवीतला सगळा गलका एकदम खाली बसला. बेचाळीस पोरांनी बेचाळीस वह्या पाठीमागं लपवल्या.

मॅडम हळू बोलल्या. "दादा, चूक असेल तर माझी आहे. पण आधी ऐका. तुम्ही वह्या देऊन गेलात, त्यानंतर चार दिवस एकाही पोरानं वही उघडली नाही. माझ्या लक्षात येईना. मग कळलं. खाली 'कैलासवासी', 'पुण्यस्मरण', असा फोटो म्हणजे मेलेलं माणूस, हे त्यांना माहीत आहे. प्रत्येकाच्या घरी असा एक तरी आहे. मेलेल्याच्या वहीत लिहिलं तर तो झोपेत येऊन वही मागतो, असं कुणीतरी उठवून दिलं होतं. पोरं जुन्याच वह्यांच्या कडेला, समासात लिहीत होती. नवीन वह्या दप्तरात तशाच."

सोमनाथनं पडवीतल्या दप्तरांकडे बघितलं.

"मी खूप समजावलं. ऐकेनात. मग एक दिवस ह्या मनालीनं," मॅडमनी एका मुलीकडे मान वळवली, "कव्हरवर चित्र काढलं. मी रागावणार होते. तर ती सगळ्यांना म्हणाली, अरे हा मेलेला माणूस नाही, हा तर गाजरवाला बाबा आहे. मग सगळ्यांनी पेन्सिली काढल्या. ज्यांना बाबा माहीत नव्हता त्यांनी मिशा काढल्या, पिसारे काढले, काय वाटेल ते. पण दादा, त्या दिवशी वह्या उघडल्या. मी नाही थांबवलं."

"मनाली कोणती गं?" धोंडाबाईनं विचारलं.

नऊ-दहा वर्षांची, दोन वेण्यांची मुलगी खांबाला टेकून उभी होती. वही पाठीशी घट्ट.

"ये बाई इकडं. मी नाय मारत. त्यो मारंल, पण तोबी नुसता बोलतोच."

पोरं फिसकन हसली. सोमनाथनं दुसरीकडे बघितलं. मनाली दोन पावलं पुढं आली आणि वही न देता नुसती समोर धरली.

काळ्या कोटावर तिनं पेन्सिलनं उभ्याआडव्या रेघा मारमारून त्याची बंडी करून टाकली होती. टायचं गाजर केलं होतं, पाल्यासकट. केसांवर टोपी चढवली होती, मागं सारलेली, पुढून टक्कल दिसेल अशी. पुसून टाकलेल्या सुरकुत्या पुन्हा काढल्या होत्या, डोळ्यांच्या कोपऱ्यांतून कानांकडे पळणाऱ्या, कोंबडीच्या पायांसारख्या. आणि मिटलेल्या ओठांवर रबर घासून घासून, पुठ्ठ्याचा पापुद्रा निघेस्तोवर घासून, तिथं उघडं तोंड काढलं होतं. हसणारं. वरच्या ओळीत एका दाताची जागा मोकळी.

धोंडाबाई बघत राहिली. मग पडवीच्या पायरीवर बसली.

"तुला गं कसं ठावं, दात नव्हता?"

"माला गाजर दिलं ना त्यानं," मनाली म्हणाली. "बाजारात. आई वांगी घेत व्हती. म्हणला, माझा दात गाजरानं पडला, तू हळू खा. मग असा हसला." तिनं स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. "पण आजी, त्यानं कोट का घातला व्हता?"

"नव्हता गं घातला. त्यांच्यावर घातला लोकांनी."

"गरम झालं असंल."

"लय," धोंडाबाई म्हणाली, आणि तिला हसू आलं. हसताना डोळ्यांना पाणी लागलं, ते तिनं पदरानं पुसलं नाही, येऊ दिलं. वर्षभर आत कोंडून बसलेलं काहीतरी सैल झालं होतं. डोळे मिटायला तिला भीती वाटत होती. ती उघड्या डोळ्यांनीच वहीकडे बघून म्हणाली, "कान मोठे काढ. लय मोठे व्हते कान. सुपासारखे."

मनालीनं लगेच खाली बसून पेन्सिल काढली. "एवढे?"

"आणखी. ह्यांच्या आईनं वढून वढून मोठे केले व्हते."

पोरं जवळ सरकली. एकानं पाठीमागची वही पुढं आणली. मग दुसऱ्यानं. पिसारेवाला म्हणाला, "आजी, मी मोर पुसू?"

"राहू दे मोर. मोर आवडायचा त्यांना. नुसते कान मोठे कर."

"आन नाक?"

"नाक बसकं. पण भुवया अशा, पावसाळ्यात बांधावर गवत वाढतं ना, तशा."

"आजी, बोलायचा कसा?"

"बोलायचे? अरे, गवार इकतानासुद्धा गाणं म्हणायचे," ती म्हणाली आणि नानांच्याच चालीवर एक ओळ म्हणून दाखवली. 'घे गं बाई गवार, तुझा येईल धनी घरा, त्याच्या रागाच्या तव्यावर, शेंग हिरवी परत जरा.' मॅडम तोंडावर हात ठेवून हसल्या. पोरांनी ती ओळ लगेच उचलली आणि पडवीभर गवार सुरू झाली.

सोमनाथ अजून गाडीपाशीच उभा होता. भांडणाची सगळी तयार वाक्यं त्याच्या तोंडात तशीच होती आणि त्यांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. एक लहानगं पोर, पहिलीतलं असेल, हातात वही घेऊन त्याच्याकडे आलं. त्याच्या कव्हरवर काहीच काढलेलं नव्हतं. कोटवाला कोरा होता.

"माला येत नाय," ते म्हणालं. "तू सांग."

सोमनाथनं वहीकडे बघितलं. मग पायांवर उकिडवा बसला. वर्षभरात त्यानं बापासाठी कितीतरी केलं होतं. अस्थी सोडल्या होत्या, पंगती घातल्या होत्या, ह्या वह्या छापल्या होत्या. पण बापाकडे नीट बघायला त्याला सवड मिळाली नव्हती.

"हनुवटीवर," तो शेवटी म्हणाला. "हनुवटीवर एक खाच व्हती. इथं. मी तुझ्याएवढा असताना खुरपं फेकलं व्हतं रागानं. ते लागलं. रक्त लय आलं. आन नाना आईला म्हणले, काटा लागला बोरीचा."

पायरीवर धोंडाबाईचा हात मनालीच्या वेणीवर होता तो तसाच राहिला.

"बोरीचा?" ती म्हणाली. "तीस-पस्तीस वर्षं मी त्या बोरीला शिव्या घालतीय!"

"काय सांगणार व्हतो मग तुला?" सोमनाथ जमिनीकडे बघत म्हणाला. त्याच्या गालावरून काहीतरी ओघळलं आणि त्यानं ते बाहीनं पुसलं, पण हसतसुद्धा होता.

बेचाळीस पोरांना आता नवं काम मिळालं होतं. हनुवटीवर खाच. पेन्सिली खाली गेल्या. कुणी रेघ काढली, कुणी फुली मारली, एकानं तर रक्ताचे थेंबसुद्धा टिपले. पहिलीतल्या त्या पोरानं जीभ बाहेर काढून, मनगट वाकडं करून, फार काळजीपूर्वक एक तिरकी रेघ ओढली आणि वही धोंडाबाईपुढं धरली.

तिनं वहीकडे बघितलंसुद्धा नाही पुरतं. डोळे मिटले, एवढंसं, आणि लगेच उघडले.

"उजवीकडं रे बाळा," ती म्हणाली. "अशी डावीकडं नव्हती. उजवीकडं, ओठाच्या खाली, आन हसले की वर चढायची."